गोदेची कडी

‘गोदेनं कडी काढली,’ एवढं लिहून मनोरमानं पेनाला टोपण लावलं आणि ओल्या शाईवर हलकी फुंकर घातली. शाई वाळेपर्यंत वाक्य आपलं असतं, असं ती मानायची. वाळलं की ते गोदेचं. मग त्याला हात लावायचा नाही.

शेजारच्या पानावर सदूचा मजकूर होता. मोठं, गोल, एकेक अक्षर जपून ठेवल्यासारखं. शब्दांवरच्या रेघा मागाहून एका दमात ओढलेल्या. पानाच्या कडेला नेहमीसारखा निळा डाग, बोटानं पुसलेला. मनोरमानं तो मजकूर चौथ्यांदा वाचला.

‘सदू घरी आला. भातात खडा निघाला. सदूनं ताट फेकलं. ताटाची कड गोदेच्या कपाळाला लागली. सदू होडी घेऊन गेला. तीन दिवस आला नाही. आज आला आहे. दाराशी उभा आहे.’

वाचता वाचता तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. तिथं काही नव्हतं. या आठ वाक्यांना तिनं दोन पानं उत्तर लिहिलं होतं. गोदेनं जुन्या लुगड्याची पट्टी कशी फाडली, जखमेत हळद कशी दाबली, नदीकडे कान लावून ती चुलीपाशी कशी बसून राहिली. मधे एक ओवीही उतरली होती. शब्द मनोरमाचे, चाल तिच्या आईच्या जात्याची:

वल्ह्याचा गं नाद, येतो ऐकू पलीकडं
माझ्या चुलीत लाकूड, जळे ओलं थोडं थोडं

आणि शेवटी कडी. पाण्यावरून आलेल्या माणसाला कुणी उंबऱ्याबाहेर ठेवतं का?

“उघडलंस ना दार परत?”

पूर्णिमा केव्हा येऊन मागे उभी राहिली ते कळलंच नव्हतं. भावाची मुलगी, तुकोगंजात कॉम्प्युटर शिकायला जायची आणि आत्याकडे राहायची. खांद्यावरची पर्सही तिनं अजून उतरवली नव्हती.

“वहीतलं वहीबाहेर बोलायचं नाही,” मनोरमा म्हणाली.

“मी कुठे वहीत आहे? मी तर पब्लिक आहे.” पूर्णिमानं वाकून पान वाचलं. “आत्या, तुझी गोदा पागल आहे क्या? माथा फुटलाय तिचा, आणि ती गाणं म्हणतेय.”

“गाणं नाही ते. ओवी आहे.”

“तेच. मी असते तर कडीला वरून कुलूप घातलं असतं.”

“तू सदूला ओळखत नाहीस.”

“तू ओळखतेस?”

मनोरमानं वही मिटली, कापडी पिशवीत घातली आणि दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेली. दूध अजून तापायलाही ठेवलेलं नव्हतं.

*

ओळखत होती. सत्तावीस वर्षं ओळखत होती.

अडुसष्ट सालचे गणपती उठले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. राजवाड्यामागच्या गल्लीत मंडळाचं वाचनालय होतं, तिथं सगळे दमून बसले होते. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं की आपल्याला गाव नाही. कुणाचे पणजोबा होळकरांच्या कचेरीत लिहायला आले, कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे मिलमध्ये. दिवाळीला पुण्याकडचे पाहुणे विचारतात, गावी कोण असतं? काय सांगायचं? हे कृष्णराव ऐकत होते. कृष्णराव मिलचे टाइमकीपर. त्यांच्या घड्याळावर भोंगा वाजायचा आणि भोंग्यावर अर्धं शहर उठायचं. दुसऱ्या दिवशी ते एक जाडजूड लेजर घेऊन आले. पहिल्या पानावर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘आडतीर. नदीकाठचं गाव. वस्ती बारा.’

मग बारा जणांनी बारा माणसं घेतली. कृष्णराव गावचे जोशी झाले. पोस्टातल्या एका थोराड बाबूंनी सुईण घेतली आणि पुढं वीस वर्षं इतकी मन लावून लिहिली, की मंडळातल्या बायका त्यांना हळूच उपाय विचारायच्या. वही घरोघर फिरायची. ज्याच्याकडे जाईल त्यानं आपल्या माणसाच्या तोंडून लिहायचं आणि पुढं द्यायची. नियम कृष्णरावांनीच घालून दिले. घेतलेलं माणूस सोडायचं नाही. दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी आपण शब्द घालायचे नाहीत. त्याला काय बोलायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं. आणि वहीतलं वहीबाहेर काढायचं नाही, नाहीतर गाव मोडेल.

मनोरमा तेव्हा शाळेत नुकतीच लागली होती. तिच्या वाट्याला उरली ती नदीपलीकडची अनाथ पोरगी, गोदा. आणि मिलमध्ये कापड तपासायच्या खात्यात असलेल्या लक्ष्मीकांतनं नावाडी घेतला. सदू.

काय सदू होता तो. जो गाणं म्हणेल त्याला फुकट पार नेणारा. माशांबद्दल असं खोटं बोलणारा की माशांनाही खरं वाटावं. लक्ष्मीकांतचं अक्षर उजवीकडे कललेलं, वाऱ्यात धावणारं. कानामागे कायम कापडावर खुणा करायची निळी पेन्सिल, त्यामुळं त्याच्या पानांवर कुठंतरी निळा ठिपका सापडायचाच. मनोरमा वही उघडली की आधी तो ठिपका शोधायची.

चौऱ्याहत्तरमध्ये वहीत सदू आणि गोदेचं लग्न लागलं. बाराही जणांनी त्यात लिहिलं. जोशीबुवांनी दोन पानं मंगलाष्टकं रचली, सुईणीनं आहेरात कोंबडी दिली. त्या रविवारी वाचनालयात कृष्णरावांनी सराफ्यातून जिलबी मागवली आणि कारण न सांगता सगळ्यांना वाटली. लक्ष्मीकांत सहकुटुंब आला होता. दाराशी एक लहानखुरी बाई कडेवरच्या मुलाला जिलबी भरवत बसली होती, एवढं मनोरमाला अंधुक आठवत होतं. लक्ष्मीकांत आणि ती टेबलाच्या दोन टोकांना. “पंखा जरा कमी करू का?” त्यानं विचारलं होतं. “राहू दे,” ती म्हणाली होती. वहीबाहेर दोघं जे काही बोलले, ते सगळं याच मापाचं.

त्यापुढच्या दोन वर्षांत मनोरमाला दोन चांगली स्थळं सांगून आली. तिनं नाही म्हटलं. आईनं कारण विचारलं, तेव्हा तिला ते देता आलं नाही. वहीतलं वहीबाहेर काढायचं नव्हतं.

मग गाव हळूहळू ओस पडलं. जोशीबुवा गेले, सुईण गेली. कुणी मुलाकडे पुण्याला गेलं, कुणाच्या घरी केबल आली आणि लिहायची संध्याकाळ त्यात गेली. ब्याण्णवच्या थंडीत मिलचं गेट बंद झालं, ते उघडलंच नाही. भोंगा थांबल्यावर कित्येक दिवस मनोरमाची सकाळ पांगळी झाली होती. तेव्हा आडतीरमध्ये दोनच माणसं उरली होती. वही तीन महिने आली नाही. चौथ्या महिन्यात आली, तर सदूच्या पानावर एक तारीख आणि दोनच शब्द होते. ‘सदू आहे.’

ते दोन शब्द बघून ती रडली होती. अक्षर पार बदललं होतं. कललेलं, धावणारं अक्षर उभं राहिलं होतं, मोठं झालं होतं, पहिलीतल्या मुलासारखं. काम गेलेल्या माणसाच्या हातातून अक्षरही जातं, असं तिनं मनाशी ठरवलं. निळा डाग मात्र होता. म्हणजे तोच.

पुढं सदू बिघडत गेला. आधी बोलेनासा झाला. मग ताटं फेकायला लागला. मग होडी घेऊन दोन-दोन दिवस नाहीसा व्हायचा. मनोरमाला त्यात लक्ष्मीकांतचं दुःख दिसायचं. दुसऱ्या कुणाला सांगता येत नसेल म्हणून बिचारा सदूच्या हातून फेकतोय. आणि तो जितकं फेकायचा, तितकी गोदा मऊ होत गेली. प्रत्येक वेळी मनोरमानं कडी काढली.

*

तिनं ठरल्याप्रमाणे गुरुवारी वही वाचनालयात ठेवली. रविवारी आणायला गेली, तर कपाटात पिशवी नव्हती.

“नाही आली ताईजी,” अशोक म्हणाला. वाचनालय तोच उघडायचा, तोच झाडायचा, आणि पेपरवाल्यांशी तोच भांडायचा. “येईल. गणपतीचे दिवस आहेत, लोक बिजी असतात.”

पुढच्या रविवारीही नव्हती. सत्तावीस वर्षांत मिल बंद झाली तेव्हाचे तीन महिने सोडले, तर असं कधी झालं नव्हतं. आपण वाचलेलं शेवटचं वाक्य तिला आठवलं. ‘दाराशी उभा आहे.’ त्यानंतर काय? दार तर उघडलं होतं.

“लक्ष्मीकांतजींची तब्येत वगैरे ठीक आहे ना?”

“तब्येत? भिया तर एकदम मजेत आहेत. मिलच्या गेटवर यंदाच्या मिरवणुकीची झांकी बनवतायत सगळे मिळून. चंदा जमवून. परवाच भेटले, हसून हसून पोट दुखवलं माझं.” अशोकनं पेपरांची घडी घातली. “पण ते इकडे कुठे येतात? वही तर वहिनीच नेतात-आणतात. दोन-तीन साल झाले.”

हसून हसून. मनोरमा पायरीवर थांबली. ताट फेकणारा सदू आणि हसणारा लक्ष्मीकांत तिला एकमेकांशेजारी बसवता येईनात. तिनं छत्री उचलली आणि घराकडे जाणाऱ्या टेम्पोत बसायच्याऐवजी परदेशीपुऱ्याच्या टेम्पोत बसली. वहीतलं वहीबाहेर न काढायचा नियम आपण मोडतोय, हे तिला चौकात उतरल्यावर आठवलं.

लक्ष्मीकांतची चाळीतली खोली तिला एका बाईनं हात करून दाखवली. दार अर्धं उघडं होतं. आत शिलाई मशीन, दोरीवर फॉल लावायच्या साड्या, आणि मशीनसमोर ती लहानखुरी बाई. उषा. केस पिकले होते. भर दुपारी, घरात कुणी नसताना, पदर भुवयांपर्यंत ओढलेला होता.

“बाई, तुम्ही?” उषा उठली. “या ना. बसा.”

तिनं सतरंजी झटकली, पाणी दिलं. फळीवरून एक ताट काढून त्यात शेव घातली आणि समोर ठेवलं. ताट फरशीवर डुगडुगलं. मनोरमाची नजर फळीकडे गेली. तिथली ताटं एकावर एक बसत नव्हती. प्रत्येकाची कड कुठंतरी वाकलेली होती, आणि सगळी चवड एका बाजूला कलली होती.

“वही आली नाही दोन रविवार,” मनोरमा म्हणाली.

“आहे. इथेच आहे.” उषानं मशीनवरचं कापड सारलं. खाली पिशवी होती.

“त्यांनी लिहिलं नाही का?”

उषा साडीला चिकटलेला एक धागा काढत राहिली.

“त्यांनी तर मिल बंद झाली तेव्हापासूनच लिहिलं नाही.”

मशीनच्या पट्टीवर कात्री होती, दोऱ्याची रिळं होती, आणि शिंप्याच्या खडूचा एक चपटा तुकडा. निळा. मनोरमा त्याच्याकडे बघत राहिली.

“चुलीत टाक म्हणाले होते,” उषा सांगू लागली. आवाज साधा, भाजी कशी केली ते सांगावं तसा. “टाकायच्या आधी म्हटलं बघू तरी, इतकी वर्षं काय लिहीत होते. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायला तीन महिने लागले. मग वाटलं, एवढं मोठं गाव आणि आपण जाळायचं? म्हणून ‘सदू आहे’ इतकंच लिहिलं आणि नेऊन ठेवलं. म्हटलं, बघू, बाईंच्या लक्षात येतंय का.”

“आलं नाही,” मनोरमा म्हणाली.

“नाही.” उषा किंचित हसली. “मग मला चटकच लागली. पण मला बनवता नाही येत हो काही तुमच्यासारखं. घरी जे होईल ते लिहायचं. फक्त होडी आणि नदी आपल्या मनची घालायची. आणि मग वही परत आली की आधी तुमचं पान बघायचं. गोदेनं काय केलं ते.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. उषानं शेवेचं ताट जरा पुढं सरकवलं. ते पुन्हा डुगडुगलं.

“मला वाटलं, लिहिणारा फार दुःखात आहे,” मनोरमा म्हणाली.

“लिहिणारी होतीच.”

मनोरमाच्या हातात छत्री होती. तिनं ती खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“दर खेपेला मी मनाशी म्हणायचे, आता गोदा उघडणार नाही,” उषा म्हणाली. “पण तुम्ही उघडायच्या. मग वाटायचं, बाई शिकलेल्या आहेत. शाळेत इतक्या पोरींना शिकवतात. त्या लिहितात की उघडलं, तर उघडायचंच असेल. मग मीही काही बोलायचे नाही.” तिनं पदर कपाळावरून सारखा करायला हात वर नेला. पदर सरकला. भुवईच्या वर खपली धरलेली एक आडवी रेघ होती, बोटभर. तिनं पदर पुन्हा ओढला. “या वेळी लिहायला बसले, तर हातच चालेना. सदू आत आला, पुढं काय लिहू? म्हणून राहून गेलं.”

मनोरमानं वही मागून घेतली. स्वतःची दोन पानं उघडली. लुगड्याची पट्टी, हळद, वल्ह्याचा नाद. ओवीतलं ओलं लाकूड थोडं थोडं जळत होतं, आणि किती छान जळत होतं. शेवटी ते तीन शब्द. शाई केव्हाच वाळली होती. तिनं तरीही त्यांच्यावरून अंगठा फिरवला, जोरात, दोनदा. पुसलं काही गेलं नाही.

“पहिला नियम वाचलात?” तिनं विचारलं.

“घेतलेलं माणूस सोडायचं नाही.”

“हं.”

मग तिनं पर्समधून पेन काढलं. नव्या पानावर, मुलींच्या वह्या तपासताना वापरायची त्या सरळ, टोकदार अक्षरात लिहिलं: ‘सदू पुन्हा गेला होता. आता आला आहे. दाराशी उभा आहे. कडी वाजवतो आहे.’

तिनं फुंकर घातली नाही. वही फिरवून उषासमोर ठेवली.

“सदूचं आता मी बघते. गोदा तुमच्याकडे.”

उषा पानाकडे बघत राहिली. “मला ओव्या येत नाहीत.”

“नकोतच ओव्या.”

खाली सायकलची घंटी वाजली. उषानं वही उचलली, कापडाखाली सारली आणि मशीनवर साडी पसरली. इतक्या सवयीनं की एक घडीही विस्कटली नाही. जिन्यावर पावलं वाजली. लक्ष्मीकांत दारात उभा होता. केस पांढरे, हातांना सोनेरी रंग, शर्टावर प्लास्टरचे शिंतोडे.

“अरे, मनोरमाताई! आमच्या गरीबखान्यात? कमाल झाली. उषा, ताईंना शेव-वेव दिलीस की नाही?”

“दिली.”

“नुसती शेव? चहा टाक की.” तो भिंतीला टेकून बसला. “यंदा झांकीत नदी दाखवतोय आम्ही. खरं पाणी, मोटर लावून. आणि त्यात होडी. होडी मी बनवली, या हातांनी. मिल बंद असली म्हणून काय झालं, अनंत चतुर्दशीला आपली झांकी निघणारच.” मग एकदम काही आठवून त्यानं विचारलं, “आपली ती वही? चालते का हो अजून?”

“चालते.”

“क्या बात है. कोण लिहितं आता?”

“आम्ही दोघी जणी.”

त्यानं दुसरी कोण ते विचारलं नाही. “आणि माझा सदू? बुडाला असेल.”

“नाही. आहे. सध्या माझ्याकडे असतो.”

लक्ष्मीकांत मान मागं टाकून हसला. तेच हसू. इतकी वर्षं वहीतल्या सदूला मनोरमानं हेच हसू दिलं होतं, आणि ते अजूनही तसंच होतं, हे तिला बघावं लागलं. हसता हसता त्यानं शेवेचं ताट आपल्याकडे ओढलं. ताटाची वाकडी कड फरशीवर खडखडली. स्टोव्हपाशी बसलेल्या उषाचा हात झटकन पदराकडे गेला. लक्ष्मीकांतचं तिकडे लक्ष नव्हतं.

मनोरमानं चहा अर्धाच घेतला. निघताना उषा तिला सोडायला जिन्यापर्यंत आली.

“माझं घर अन्नपूर्णेला आहे, मंदिराच्या मागच्या गल्लीत,” मनोरमा खालच्या पायरीवरून म्हणाली. “शाळेच्या बाई म्हटलं की कुणीही दाखवेल. मी असते. रात्री-बेरात्रीही असते.”

उषानं मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकल्याची खूण, ते कळलं नाही.

“वही रविवारी ठेवते,” ती म्हणाली.

*

मधल्या आठवड्यात अनंत चतुर्दशी झाली. पूर्णिमा मैत्रिणींबरोबर झांक्या बघायला गेली आणि पहाटे आली. “आत्या, एका झांकीत खरी नदी होती, काय सांगू. होडी असली भारी! तू यायला हवं होतंस.” मनोरमा सकाळची फुलं निवडत होती. “पुढच्या वर्षी,” ती म्हणाली.

तिचं शाळेत लक्ष लागत नव्हतं. दुपारनंतर ती पुढच्या खोलीतच बसायची. गल्लीत कुणाची चप्पल वाजली की मान वर करायची. पूर्णिमानं विचारलं, कुणी येणार आहे का? ती म्हणाली, सांगता येत नाही. रात्री मागच्या लहान खोलीतलं रद्दीचं पोतं तिनं बाहेर काढलं, खाट झाडली आणि दाराच्या आतल्या कडीला तेल घातलं. कडी बरीच वर्षं लावलेली नव्हती. दोनदा लावून पाहिली.

रविवारी ती वाचनालयाच्या दारात पोचली तेव्हा अशोक तिची वाटच बघत होता.

“आली, ताईजी, आली तुमची वही. मी सकाळीच बघितलं. पण वहिनी म्हणाल्या, बाईंच्याच हातात द्यायची, म्हणून कपाटात नाही ठेवली, हे बघा, खिळ्याला अडकवलीय. उंदीर पण नाही पोचणार.”

तिला घरापर्यंत धीर निघाला नाही. ती लांब टेबलाशी बसली, पंख्याखाली. जिथं एकेकाळी बारा जण दाटीवाटीनं बसायचे, तिथं आता दोन म्हातारे पेपर चाळत होते. तिनं पिशवीतून वही काढली आणि पान उघडलं.

मोठं, गोल अक्षर. वरच्या रेघा एका दमात ओढलेल्या. कडेला निळा डाग.

‘कडी वाजते आहे. गोदेनं ऐकलं. भात झाला आहे. आमटी गरम आहे. बाहेर कोण आहे ते गोदेला माहीत आहे. गोदा आधी जेवून घेते.’

खाली आणखी काही नव्हतं. मनोरमानं पान उलटून पाहिलं, परत फिरवलं. मग तिनं पेन काढलं. समोर सदूचं कोरं पान होतं. सदू बाहेर उभा होता, दिवस मावळत होता, आणि त्याला काय वाटत असेल ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कितीतरी वाक्यं तिच्या तोंडाशी आली. तिनं टोपण काढलं, निब कागदावर टेकवायला नेली, आणि उचलली.

दोन्ही म्हातारे उठून गेले. अशोकनं खिडक्या लावल्या, एक ट्यूब बंद केली आणि टेबलाशी येऊन उभा राहिला.

“बंद करू का ताईजी? की लिहायचं आहे अजून?”

“थांब जरा,” मनोरमा म्हणाली. “तिचं जेवण होऊ दे.”